रंगवलेलं जस्त

त्या दिवशी दुपारपर्यंत उल्हास तोडणकरांनी, म्हणजे आबांनी, आपल्या मुलीला दोनदा विचारलं होतं, "कशी दिसते?" आणि दोन्ही वेळा शलाकाने एकच उत्तर दिलं होतं, "ठीक आहे."

शिडीवर बसून बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, चाफ्याचं फूल रंगवणाऱ्या सुगंधाकाकूने ब्रश डब्यात आपटला. "उल्हासभाऊ, उद्या साक्षात लक्ष्मी समुद्रातून वर आली ना, तरी तुझी ही लेक म्हणेल, ठीक आहे."

"अगं, तिचं ठीक आहे म्हणजे इतरांचं वाहवा," आबा म्हणाले. "बारशाच्या दिवशीसुद्धा ही रडली नव्हती. नुसती वर बघत होती, पाळणा नीट टांगलाय की नाही ते."

शलाका हसली नाही. पण तिने मान फिरवली, आणि हसू लपवायचं असलं की ती मान फिरवते हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

करंजवेळच्या खाडीकाठी आबांचा बोटी दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा; वर पत्र्याचं छप्पर, खाली पाण्यात उतरत गेलेले लोखंडी रूळ आणि त्यावरून बोटी वर ओढणारं एक कुरकुरणारं यंत्र. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की आसपासच्या बोटी इथे वर यायच्या, खरवडल्या जायच्या, रंगायच्या आणि नारळी पौर्णिमेला नवऱ्या मुलीसारख्या नटून खाली उतरायच्या. ते दोन महिने कारखान्यात जत्रा असे. भजी तळली जात, भांडणं होत, आणि एकाच बोटीला हिरवा द्यायचा की निळा यावरून दोन सख्खे भाऊ आठवडाभर बोलेनासे होत.

या वर्षी मात्र रुळांवर 'मैना' उभी होती. ती मासेमारीची नव्हती; ती 'तर' होती, उतारूंची नाव. करंजवेळहून पलीकडच्या भाटीला माणसं नेणारी, बॅटरीवर चालणारी. जुनी लोखंडी तर गंजून मोडीत गेल्यापासून भाटीची मुलं शाळेसाठी पुलाचा लांबलचक वळसा घालत होती. बॅटऱ्या जड, म्हणून बोटीचं अंग हलकं हवं, म्हणून ते ॲल्युमिनियमचं. पण पाणी कापणारा पंखा काशाचा. सगळी गोम तिथेच होती.

दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची आपोआप बॅटरी बनते. ज्याला इलेक्ट्रॉन हातचे सोडवत नाहीत तो धातू मजेत राहतो; ज्याला ते सहज सोडून देता येतात तो देत सुटतो आणि स्वतः पाण्यात विरघळत जातो. काशाच्या संगतीत ॲल्युमिनियमचं हेच होतं. लक्ष दिलं नाही तर एका मोसमात बुडाची चाळण. यावरचा जुना उपाय म्हणजे जस्ताची वडी, बंदरावर तिला सगळे झिंकच म्हणतात. ॲल्युमिनियमच्याही आधी विरघळायला तयार असलेला हा धातू बोटीच्या बुडाला बोल्टने बसवायचा. तो झिजतो, बोट वाचते. वर्षाने नवी वडी. एकदा एक पाहुणा ते ऐकून गहिवरला आणि म्हणाला, "केवढा हा जस्ताचा त्याग!" तेव्हा आबा म्हणाले होते, "त्याग कसला साहेब? त्याला द्यायची हौसच असते. हौस म्हणा."

शलाकाचा शोध या वडीला रजा देणारा होता. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिने धातूवर चढवायचा एक लेप तयार केला होता. त्याला तिने दिलेलं नाव लांबलचक होतं, पण आबांनी तो पातळ पांढरा थर पाहिला आणि म्हणाले, "ही तर साय." तेव्हापासून प्रयोगशाळेतही तो सायच झाला. या सायीत डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो कुप्या होत्या आणि त्यांत मंजिष्ठेच्या मुळीतल्या लाल रंगाचा एक चुलतभाऊ भरलेला होता. पूर्वी रंगारी मंजिष्ठेत बुडवण्याआधी कापड तुरटीच्या पाण्यात भिजवत, कारण तुरटीतल्या ॲल्युमिनियमला हा रंग असा घट्ट धरतो की मग धुऊन जात नाही. जुन्या रंगाऱ्यांवरचं एक पुस्तक वाचताना शलाकाच्या मनात आलं, हीच पकड बोटीच्या कामी आली तर? ओरखडा पडून ॲल्युमिनियम विरघळू लागलं, की तिथल्या कुप्या फुटतील. रंग त्या सुट्या कणांना पकडेल, त्यांचा न विरघळणारा लाल थर बसेल आणि वीज वाहायची वाट बंद होईल. जखमेतून आलेल्या रक्तानेच जखमेवर खपली धरावी, तसं.

प्रयोगशाळेच्या काचेच्या टाकीत हे झालं होतं. खाडीत व्हायचं होतं. परवाना देणाऱ्या खात्याची अट सरळ होती : 'मैना'ने वर्षभर झिंकशिवाय चालून दाखवायचं. पत्रा झिजला, की 'मैना' बंद आणि साय परत बाटलीत.

"आणि नाही झिजला तर?" सुगंधाकाकूने शिडीवरून विचारलं. तिच्या हाताखाली रंगकाम करणाऱ्या सहाजणी होत्या. "म्हणजे बोटींनी वर यायलाच नको. मग आम्ही काय लाटा मोजायच्या गो?"

शलाकाला हाच प्रश्न कितीतरी दिवस टोचत होता. आपली साय यशस्वी झाली तर आबांच्या रुळांवर शेवाळ चढणार, हे तिला कळत होतं. आबांनाही कळत होतं. तरी त्यांनी ऐन हंगामात आपले रूळ या एका बोटीसाठी अडवून ठेवले होते. त्याबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं तिने कितीदा ठरवलं. ओठांवर यायचं ते 'ठीक आहे'.

"सुगंधा, मुलगी काय फक्त आजारी पडली की माहेरी येते?" आबा म्हणाले. "येतील बोटी. हौसेने येतील."

"तुझी हौस तुझ्यापाशी. त्या झिंकसारखी नको व्हायला."

त्यावर अख्खा कारखाना हसला, कारण झिंकची गोष्ट करंजवेळच्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

शलाका तेव्हा नववीत होती. आबांना रंगाचं वेड. नारळी पौर्णिमेला उतरणाऱ्या बोटीवर टिचभर जागा बिनरंगाची राहिली तर त्यांना जेवण जात नसे. त्यामुळे बुडाला बसवलेल्या झिंकच्या वड्यांनाही ते दोन हात रंग मारत, वर फिरवून फिरवून बघत. आणि दरवर्षी बोटी भोकं घेऊन परत येत. आबा कधी पत्र्याला नावं ठेवत, कधी समुद्राला. एकदा तर त्यांनी बोटींची दृष्टही काढली. एके दिवशी शलाका शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून बोटीखाली वाकली. "आबा, तू झिंकला रंग लावतोस? त्याला पाणी लागलंच नाही तर ते झिजणार कसं? ते झोपलंय."

आबा बघत राहिले. मग रुळावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दुसरा कोणी असता तर गोष्ट तिथेच गाडून टाकली असती. आबांनी ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदरात नेली. लेक हुशार आहे एवढं सांगण्यासाठी ते स्वतःला दारोदार वेडा ठरवून आले.

"शले, जा, जेवून ये," आबा म्हणाले. "आईची हाक मघाच आली. मी आहे इथे."

ती परत आली तेव्हा आबा नळावर हात धूत होते आणि त्यांच्या बोटांवरून पांढरा रंग ओघळत होता. शेजारी रफिकचाचा उभे होते. 'मैना' चालवणारे तांडेल, आबांचे लहानपणापासूनचे मित्र. ते आभाळाकडे बघत होते. आभाळात काहीच नव्हतं.

"रंग कसला?" शलाकाने विचारलं.

"नावातलं एक अक्षर राहिलं होतं."

"नाव निळं आहे, आबा."

"मग त्याची पांढरी कड राहिली असेल." आबांनी हात पंच्याला पुसले. "तुझ्या सायीला बोट लावलेलं नाही. शप्पथ."

रफिकचाचांना अचानक मोठा खोकला आला.

संध्याकाळच्या गाडीने ती पुण्याला निघाली. नारळी पौर्णिमेला परत यायचंच होतं, म्हणून निरोप असा कोणी घेतला नाही. गाडी वळणावर आली तेव्हा खाली कारखान्यातून आबांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "शले! शेवटचं विचारतो! कशी दिसते?"

तिने खिडकीतून हात बाहेर काढला. "ठीक आहे!"

त्यांचं हसू तिला वळणापलीकडेही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाकाकू कामाला आली तेव्हा आबा रुळावर, 'मैना'कडे तोंड करून बसलेले होते. हृदय बंद पडलं होतं. चहाचा कप शेजारी तसाच सरळ उभा होता, अर्धा प्यायलेला.

*

तेराव्यानंतर 'मैना' पाण्यात उतरली. नारळ शलाकाने फोडला. ती रडेल म्हणून बायका तिच्या आजूबाजूला उभ्या होत्या. ती रडली नाही. तिने पंख्याजवळच्या सगळ्या जोडण्या तपासल्या आणि पुण्याला गेली.

'मैना'च्या बुडाशी तिने केसासारख्या बारीक तारा बसवल्या होत्या. पंख्यापासून अंगाकडे किती वीज वाहते आहे तो आकडा त्या तारांकडून तिच्या फोनवर यायचा. आकडा लहान म्हणजे बोट सुखात. तो रोज लहानच यायचा. रोज सकाळी तो बघितला की तिचा अंगठा आपोआप आबांच्या नावावर जायचा आणि तिथे थबकायचा. मग ती तोच आकडा आईला कळवायची. आई म्हणायची, "मला त्यातलं काय कळतंय? पण रोज सांग."

पलीकडची मुलं तरीतून शाळेत येऊ लागली. रफिकचाचा त्यांच्याकडून पाढे म्हणून घेत आणि चुकणाऱ्याला भोंगा वाजवू देत नसत.

मग मार्गशीर्षात एके सकाळी आकडा चढला.

तरंगत्या ओंडक्याला अडकलेला एक तुटका लोखंडी साखळदंड भरतीबरोबर वाहत येऊन 'मैना'च्या मागच्या अंगाला घासून गेला होता. साय लांबलचक फाटली होती. दुपारपर्यंत आकडा तिप्पट झाला. बोट त्याने लगेच बुडणार नव्हती, पण काशाच्या मोठ्या पंख्यासमोर उघड्या ॲल्युमिनियमची ती एवढीशी रेघ. सगळी झीज तिथेच एकवटणार. असंच चाललं तर महिन्याभरात आरपार.

"चाचा, प्रवासी उतरवलेत ना?"

"कवाच. रिकामी धक्क्याला लावलीय. बोल पोरी, वर काढायची?"

शलाकाने आकडा पुन्हा पाहिला. वर काढली की परीक्षा संपली. साय हरली असंच कागदावर लागणार. नाही काढली आणि पत्रा गेला, तर भाटीची तरच गेली. कुप्या भराभर फुटल्या तरी थर धरायला वेळ लागतो. काचेच्या टाकीत एक रात्र लागली होती. पण टाकीत लाटा नव्हत्या.

"चाचा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? लोखंड-पितळेतलं तुझं वाटणं खरं. मी फक्त विचारतो..." रफिकचाचा अडखळले. "खरवडू काय?"

"काय खरवडायचं?"

"काय नाय. असंच. तू सांग, काढायची की थांबायचं?"

अशा वेळी आबांनी काय केलं असतं, हे तिने मनाशी धरून पाहिलं. आबांनी तिलाच विचारलं असतं. मग आपल्याकडे उत्तर असलंच पाहिजे, असं तिला वाटलं.

"थांबायचं," ती म्हणाली. "उद्यापर्यंत पाण्यात राहू दे."

"राहू दे तर राहू दे," रफिकचाचा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुणीतरी पाठ थोपटल्यासारखा आनंद का आहे, ते तिला तेव्हा कळलं नाही.

सकाळी आकडा निम्म्यावर होता. जेवणाच्या वेळेला पहिल्याइतका. शलाकाने प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला आणि कुणी विचारलं, काय विशेष, तर म्हणाली, "काही नाही. ठीक आहे."

*

पुढच्या श्रावणात 'मैना' वर काढायचा दिवस आला, तेव्हा कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाटीची मुलं शाळा बुडवून आली होती, आणि त्यांना ओरडायला आलेल्या बाई त्यांच्याच पुढे उभ्या होत्या. खात्याच्या तपासणी अधिकारी बाई जाडी मोजायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. कुरकुरणारं यंत्र सुरू झालं, दोर ताणला, आणि 'मैना' रुळांवरून हळूहळू पाण्याबाहेर येऊ लागली.

आधी नाळ आली, सुगंधाकाकूच्या चाफ्यासकट. मग पाणी निथळलं आणि गर्दी एकदम पुढे झुकली.

बोटीच्या पांढऱ्या बुडावर फुलं उमलली होती. अळत्यासारखी लाल. जिथे जिथे खडा लागला, दोर घासला, शिंपला टोचला, तिथे तिथे रंगाने ॲल्युमिनियमला धरलं होतं; कुठे ठिपका, कुठे पाकळ्या, कुठे पाण्याच्या ओढीबरोबर मागे गेलेली नाजूक शेपटी. आणि मागच्या अंगाला, साखळदंड घासला होता तिथे, एक लांबलचक लाल वेल पंख्यापर्यंत चढत गेली होती.

"आई गं," सुगंधाकाकू म्हणाली. "जन्मभर मी ब्रश घेऊन बसले, आणि समुद्राने माझ्यापेक्षा बरी काढली."

मग एकच गलका झाला. अधिकारी बाई यंत्र टेकवत आकडे सांगत होत्या, झीज नाही, इथेही नाही, पण त्यांचं ऐकतो कोण! बोटवाले एकमेकांना ढकलून पुढे येत होते. "माझी बाहेरच्या पाण्यात जाते, तिच्यावर तर आख्खी बाग येईल!" "अरे, तुझी धक्क्यालाच बांधलेली असते, तुझ्यावर कळीसुद्धा धरायची नाही!" "ताई, साय लावली की वर्षानं परत काढायची ना वर?"

"काढायची गरज नाही," शलाका प्रामाणिकपणे म्हणाली.

"गरज नाही कशी?" तो माणूस चिडलाच. "न काढता बघणार कसं काय उमललंय ते?"

सुगंधाकाकूने कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिलं. "हौसेने येतील, बोलला होता की नाय उल्हासभाऊ?"

तेवढ्यात अधिकारी बाई सुकाणूमागून वर आल्या. त्यांचा चेहरा बदलला होता. "शलाकाताई, जरा इकडे या. हे काय आहे?"

शलाका वाकली. सुकाणूच्या वरच्या खाचेत, मान वाकडी केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, जुन्या पद्धतीने ठेवलेला एक बोल्ट होता. तो काढला तर पत्र्याला जखम होईल म्हणून तिनेच तो राहू दिला होता. त्या बोल्टवर एक चौकोनी वडी बसवलेली होती, पांढऱ्या रंगाने रंगवलेली.

"झिंक नको, ही पहिली अट होती," अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या.

नळावरचे ते हात शलाकाला आठवले, बोटांवरून ओघळणारा पांढरा रंग. वडी वर्षभर झिजत असेल तर साय पास झालीच नव्हती. पास झालं होतं ते झिंक. आबा, हे काय करून ठेवलंस?

"नख मार त्याच्यावर," मागून रफिकचाचांचा आवाज आला. "मार तर खरं."

तिने बोट फिरवलं. रंग अखंड होता. कडा, कोपरे, बोल्टचं डोकं, कुठे केसाएवढी चीर नाही. दोन हात रंग, फिरवून फिरवून मारलेला.

"माझ्यासमोर बसवली उल्हासने," रफिकचाचा म्हणाले. "तू जेवायला गेलीस तेव्हा. मी म्हटलं, अरे, पोरीची परीक्षा बिघडवशील. तर म्हणतो कसा, रफिक, हे झोपलेलं झिंक हाय. रंग हाय तोवर लुडबुड करायचं नाय, हे माझ्या लेकीनंच मला शिकवलंय. पण कधी अडचण आली, आणि तिने स्वतः सांगितलं की बोट वर काढा, तर तू आधी पाण्यात उडी मार आणि हे खरवड. जागं होईल, पत्रा सांभाळेल. साय गेली तरी तिची बोट जाता कामा नये. आणि ती थांबायचं बोलली, तर थांब. मग काय वाटेल ते दिसो, हात लावू नको. तिला कळतं." त्यांनी पागोट्यासारखा गुंडाळलेला पंचा डोक्यावरून काढला आणि तोंड पुसलं. "मार्गशीर्षात मी खरवडणी घेऊन उघडा उभा होतो गो धक्क्यावर. थंडीत. तू बोललीस थांबायचं."

अधिकारी बाईंनी वडी उतरवून घेतली. ओतताना त्यावर उमटवलेलं वजन रंगाखाली वाचता येत होतं. ती काट्यावर ठेवली. काटा त्या आकड्यावर आला आणि रंगाच्या वजनाने किंचित पुढे सरकला. "ही गुंजभरही झिजलेली नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनाही हसू आवरेना. "उलट थोडी जाडच झाली आहे. साय पास."

शलाका रुळावर बसली. आधी तिचे खांदे हलले तेव्हा आई धावत पुढे आली; मग सगळ्यांना दिसलं की ती हसते आहे. आबा हसले होते तशी, तिथेच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती हसत राहिली, पाणी येत राहिलं, आणि कशाचं कोणतं ते विचारायला कोणी गेलं नाही. आईने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने तिने मान वर केली. ती बसली होती तिथून 'मैना' पुरी दिसत होती, चाफ्यापासून लाल वेलीपर्यंत. आबा शेवटी याच जागी बसले होते, हे तिच्या लक्षात आलं. मुलांचा गोंगाट चालू होता, कुणीतरी भजी आणली होती, निळ्या-हिरव्याचं भांडण मागे कुठेतरी नव्याने पेटलं होतं. बाईंनी परत दिलेली वडी तिच्या हातात होती, जड आणि गुळगुळीत.

"सुंदर दिसते, आबा," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांसमोर. शिडीवर चढून चाफा पुन्हा रंगवू लागलेल्या सुगंधाकाकूच्या हातातून ब्रश सुटला.

"फार सुंदर दिसते. तेव्हाही दिसत होती."